तेवीस किलोंचं बिऱ्हाड

बीड जिल्ह्यातल्या माणसाला सामान बांधायचं कुणी शिकवू नये. दसरा झाला की आमच्या शिरूर कासार, पाटोदा, धारूर, वडवणी भागातून हजारो कुटुंबं ऊसतोडीला निघतात. सहा महिन्यांचा संसार ट्रॅक्टरच्या एका ट्रॉलीत, तोही चार-पाच घरांचा मिळून. पत्र्याची पेटी, पिठाचा डबा, तवा, पाण्याचा ड्रम, गोधड्या, कोपीसाठी ताडपत्री, वर एखादी शेळी आणि शेळीवर लक्ष ठेवायला बसलेली म्हातारी. आमच्या घरचं हे भरणं मी लहानपणापासून बघत आलोय. आणि तरीही युरोपला जायची वेळ आली तेव्हा ‘वसंत ऋतूत युरोपात काय न्यावे’ हे मोबाईलवर शोधत होतो!

प्रोजेक्टचं सहा आठवड्यांचं काम ड्रेस्डेनला होतं. हे शहर जर्मनीच्या पूर्व भागात, चेक देशाच्या सीमेजवळ. नंतरचे आठ दिवस प्राग आणि व्हिएन्ना फिरायला. मार्चच्या मध्यात जायचं, मेच्या पहिल्या आठवड्यात परत. विमानाचं भाडं आणि राहणं स्कॉलरशिपमध्ये बसत होतं, कपडे आणि बूट मात्र आपले आपण. विमानात मोठी बॅग तेवीस किलोंची, हातातली सात.

आता तिकडचा वसंत म्हणजे आपला वसंत नव्हे. एप्रिलमध्ये बीडला चाळीसच्या पुढे पारा जातो तेव्हा ड्रेस्डेनला पहाटे चार-पाच अंश असतात, दुपारी पंधरा-सोळा. एकाच दिवशी ऊन, पाऊस आणि एखादवेळी बर्फसुद्धा. एप्रिल आपल्या मनाला येईल तसं वागतो, अशी जर्मन लोकांची म्हणच आहे. आपल्याकडे नक्षत्रं बघून पेरतात, तसे तिकडचे जुने बागवाले ११ ते १५ मे हे ‘बर्फाचे संत’ म्हणवले जाणारे दिवस गेल्याशिवाय टोमॅटोची रोपं बाहेर लावत नाहीत. त्यातून गंमत अशी, की बाहेर गारठा असला तरी ट्राममध्ये, लॅबमध्ये, दुकानात हीटर. जाड कोट घालून आत शिरलात तर घामाने भिजणार. म्हणून सगळ्या याद्या एकच सांगतात: एक जाड कपडा नेऊ नका, थर न्या. आत पातळ बनियन, वर फुलशर्ट, वर हलका स्वेटर, सगळ्यात वर वारा-पाऊस अडवणारं टोपीचं जॅकेट. लागेल तसं चढवा, लागेल तसं उतरवा.

इथवर ठीक होतं. बुटांपाशी गाडी अडली. यादीतला वॉटरप्रूफ जोड ७,३०० रुपयांचा निघाला. आमच्या घरी पैशाचा हिशोब टनांत होतो. जानेवारी २०२४ मध्ये तोडणीच्या दरात ३४ टक्के वाढ ठरली आणि टनाला ३६६ रुपयांच्या आसपास दर झाला. म्हणजे तो जोड वीस टनांचा! एक कोयता, म्हणजे नवरा-बायको मिळून, दिवसाला दोनेक टन तोडतात. वीस टन म्हणजे माय आणि आबांचे दहा दिवस. त्या दहा दिवसांवर पाय ठेवून मला प्राग बघायचं नव्हतं. शेवटी २,२०० चा जोड घेतला. सहा टन. हेही काही कमी नाही.

मार्चच्या पहिल्या आठवड्यात बॅग घेऊन थेट कराडच्या पुढे फडावर गेलो. कारखान्याचा पट्टा पडायला अजून पंधरा दिवस होते, त्यामुळे घरी निरोप द्यायला कुणी येणं शक्यच नव्हतं. आबांनी बूट हातात घेतला, वाकवून बघितला, तळव्यावर अंगठा दाबला आणि म्हणाले, “नवा जोड घालून परमुलखात जायचं नसतंय. उद्या फडात चल.” दुसऱ्या दिवशी पहाटेपासून मी त्या बुटांनी मोळ्या वाहिल्या. तोडलेल्या उसाची खुंटं चपलेच्या आरपार जातात, म्हणून फडात बंद बूट लागतातच. त्यात कडेला पाटाचं पाणी फुटून चिखल झालेला. टेस्टिंगच्या लॅबमध्ये याहून कडक परीक्षा होत नसेल. संध्याकाळी डाव्या टाचेला फोड आला, पण पायमोजे कोरडे. फोड ड्रेस्डेनला जाईपर्यंत बरा झाला आणि पुढे तो बूट एकदाही लागला नाही. चार्ल्स पुलावरच्या आणि प्रागच्या गल्ल्यांमधल्या फरशीच्या दगडांवर दिवसाला पंधरा किलोमीटर चालणं झालं. तिथे गुळगुळीत तळव्याचे फॅशनचे बूट घातलेले पर्यटक लंगडताना बघितलेत.

बुटांवरून आठवलं. आष्टी तालुक्यातल्या मांडव्याचा अविनाश साबळे ७ जुलै २०२४ ला पॅरिसमध्ये तीन हजार मीटर स्टीपलचेस ८ मिनिटं ९.९१ सेकंदांत धावला. भारताचा राष्ट्रीय विक्रम झाला तो. महिन्याभराने त्याच शहरात ऑलिंपिकची फायनलही धावला. या शर्यतीत २८ अडथळे आणि सात वेळा पाण्यातून उडी. म्हणजे पहिल्याच फेरीत बूट ओले होतात आणि ओल्या बुटांनीच शेवटपर्यंत पळायचं. बीडचा माणूस ओल्या बुटांना भीत नाही, एवढंच सांगायचं होतं. असो.

तर त्या रात्री कोपीत मायने माझी बॅग उघडली. आणलेलं सगळं गोधडीवर मांडलं आणि एकेका कपड्याला एकच प्रश्न: “हे रातीतून वाळतंय का?” जीन्सच्या तीन पँटी होत्या. जाड सुती कापड थंडीत दोन दिवस वाळत नाही. दोन बाहेर गेल्या. “इतके शर्ट कशाला घ्यायलास? तिकडं कोण बघायलंय तुला?” सहातले तीन गेले. मी तिला थरांचं तत्त्व समजावून सांगू लागलो, तर ती हसायलाच लागली. डिसेंबरमध्ये पहाटे फडात दव पडतं तेव्हा ती लुगड्यावर आबांचा जुना फुल बाह्यांचा शर्ट घालते, त्यावर स्वेटर, डोक्याला रुमाल. ऊन वर आलं की स्वेटर निघतो. शर्ट मात्र राहतो, कारण उसाचं पाचट हात कापतं. लेअरिंग लेअरिंग म्हणून जे इंग्रजीत लिहितात ते हेच!

मला वाटलं होतं ती गोधडी न्यायचा आग्रह धरील. तिने उलट विचारलं, “तिकडं पांघरायला देतेत का?” देतात म्हटल्यावर गोधडीचा विषय संपला. जे तिकडं मिळतं ते इथून न्यायचं नाही, हा कारखान्यावर जाणाऱ्यांचा नियम. त्याऐवजी आबांचा पंचा ठेवला. त्याचे वजन नाही, तासाभरात वाळतो. प्रागच्या हॉस्टेलमध्ये टॉवेलचे वेगळे पैसे मागतात हे कळलं तेव्हा त्या पंच्याची किंमत समजली. वाऱ्यात तोच मफलर झाला, ट्रेनमध्ये तोच उशी.

आणि पायमोजे. बाकी सगळं कमी केलं, पायमोजे मात्र तिने चारचे सहा करायला लावले, न फाटलेले. हे भलतंच उपयोगी पडलं. एका चेक कुटुंबाने जेवायला बोलावलं होतं. दारातच बूट काढायचे आणि त्यांनी दिलेल्या सपाता घालायच्या. म्हणजे पायताण बाहेर ठेवायची रीत एकट्या आपलीच नाही. मी अगदी निर्धास्त बूट काढले!

बॅग भरून झाल्यावर आबांनी ती एका हाताने उचलली, क्षणभर धरली आणि म्हणाले, “एकवीस भरंल. दोन किलो शेंगदाण्याची चटणी बसती.” चटणी बसली. मुंबई विमानतळाच्या काट्यावर बॅग २२.८ आली. मोळ्या उचलून उचलून ज्याचा हात काटा झालाय त्याला वजनाचं मशीन काय सांगणार.

एक गोष्ट त्या रात्री बोलणं झालं नाही. मी निघालो तेव्हा माझ्या बॅगेत जॅकेट होतं तसं जॅकेट त्या कोपीत कुणाकडेच नव्हतं. पाऊस आला तर वर ताडपत्री, अंगावर पोत्याची खोळ. व्हिएन्नात एका सकाळी पावसात ट्रामची वाट बघत उभा होतो, आत एकदम कोरडा. हवामान बघायला मोबाईल काढला आणि आधी कराडचं बघितलं. तिकडे वळीव सांगितला होता. मग लक्षात आलं, एप्रिल निम्मा सरलाय, माणसं केव्हाच गावी पोचलीत.

परत आल्यापासून हॉस्टेलवर तीन जणांनी जॅकेट मागितलंय. एकाचं महाबळेश्वर, एकाचं मनाली, एकाची नुसती हौस. तिघांनाही सांगतो, जॅकेट दसऱ्यानंतर मायच्या पेटीत गेलंय, शर्टावरचा दुसरा थर म्हणून. एप्रिलच्या आत मिळणार नाही. बूट मात्र माझ्याकडेच आहेत. नंबर आठ, तिकडच्या मापात बेचाळीस. पायाला बसत असतील तर खुशाल न्या, फक्त धुऊन परत करा.