विसार

(द्वितीय वर्ष कला)

आमच्या माणदेशात बैल विकत घेताना आधी त्याचे तोंड उघडतात. बैलाला वरच्या जबड्यात पुढचे दात नसतातच. खाली आठ असतात. दुधाचे दात पडून पक्के दात जोडीजोडीने येत जातात आणि त्यावरून वय ठरते. सगळे दुधाचेच दात असले तर तो आदत, दोन पक्के आले की दुसा, चार आले की चौसा आणि आठही आले की जुळलेला. आमच्या आण्णांनी चौथीत शाळा सोडली आणि ते गुरांमागे गेले. पण सांगोल्याच्या रविवारच्या बाजारात कोणत्याही खिलार बैलाच्या ओठात अंगठा घालून ते क्षणात त्याचे वय सांगतात. मग रुमालाखाली बोटे धरून भाव होतो, तोंडाने कोणी आकडा उच्चारत नाही; आणि शेवटी हातावर विसार ठेवला जातो. विसार म्हणजे सौदा पक्का झाल्याची आगाऊ रक्कम. कागदोपत्री तिला इसार म्हणतात. आण्णांच्या लेखी मात्र विसार म्हणजे पैसे नव्हेत. विसार म्हणजे शब्द.

हे सगळे सांगायचे कारण असे की, २०२५ च्या दिवाळीनंतर आमच्या घराने आयुष्यातला पहिला मोटारीचा विसार दिला, आणि त्या वेळी तोंड उघडून दात बघण्याचे काम माझ्याकडे होते.

मोटार हवी होती ती आजीसाठी. तिला दर पंधरा दिवसांनी पंढरपूरला दवाखान्यात न्यावे लागते. आमच्या वस्तीपासून फाटा तीन किलोमीटर. तिथवर आण्णांच्या मोटारसायकलवर मध्ये आजी आणि मागे तिला धरून मी, अशी आमची वरात निघते. पुढे एस. टी. मिळाली तर मिळाली. हे झाले सांगण्याचे कारण. न सांगण्याचेही एक होते. आण्णांच्या लहानपणी गावात पटकी-गोवराच्या साथीला एक डॉक्टर पांढऱ्या मारुतीतून येत. ती गाडी धुळीने माखली की पोरे तिच्यावर बोटाने चित्रे काढीत. मारुती आठशेची पहिली गाडी १९८३ च्या डिसेंबरात दिल्लीत रस्त्यावर आली आणि २०१४ च्या जानेवारीत तिचे उत्पादन बंद झाले. पण आण्णांच्या मनात ते कधी बंद झालेच नाही. मोटार म्हणजे मारुती, आणि मारुती म्हणजे पांढरी.

तालुक्याच्या गावी तशीच एक मिळाली. २०११ सालची, मागणी सत्तर हजारांची. बोलता बोलता बासष्टावर आली. आण्णांनी गाडीभोवती दोन फेऱ्या मारल्या, टायरवर पाय मारून पाहिला, टपावर थाप मारली. बैल असता तर त्यांनी त्याला चार पावले चालवून, पाठीवर हात फिरवून त्याची खोड ओळखली असती. इथे मात्र त्यांचा अंगठा कुठे घालावा हेच त्यांना कळेना. मग गाडीमालकाने कागदांची प्लास्टिकची पिशवी पुढे केली आणि आण्णांनी ती न उघडता माझ्या हातात दिली.

“माझी पोरगी कॉलेजात हाय. ती बघंल.”

ते हे असे काही म्हणाले की माझी मान ताठ झाली. गाडीमालकानेही कौतुकाने मान हलवली. “शिकलेलं माणूस संगं असलं की काम सोपं हुतं, पाव्हणं,” तो म्हणाला. त्याच्या घरातल्यांनी मला वेगळ्या कपात चहा दिला. पिशवीत नोंदणीचे कार्ड होते, विम्याचा कागद होता, धुराच्या तपासणीची चिठ्ठी होती. सगळे इंग्रजीत. इंग्रजी मला वाचता येते. वाचलेले समजते असे नाही. कार्डाच्या मागच्या बाजूला बारीक अक्षरांत एका बँकेचे नाव होते. मला वाटले, या माणसाचे खाते तिथे असेल. पुढे एका रकान्यात २०२६ च्या मे महिन्यातली एक तारीख होती. मला वाटले, विम्यासारखे काही तरी असेल, पुढच्या वर्षी भरता येईल.

खरे तर मला वाटले असेही म्हणता येत नाही. मी विचारच केला नाही. चार मोठी माणसे माझ्या तोंडाकडे पाहत होती आणि मला एकच वाक्य म्हणायचे होते. मी म्हणाले, “कागद बरोबर आहेत, आण्णा.”

आण्णांनी धोतराच्या सोग्यातून पुरचुंडी काढली. डाळिंबाच्या पट्टीतले दहा हजार रुपये त्यांनी मोजून दिले. पावतीचा विषय निघाला तेव्हा गाडीमालक म्हणाला, “पावती कशाला? शब्द हाय की.” आण्णांना ते फार आवडले.

त्या रात्री आमच्या वस्तीवर कोण आनंद! आजीने विचारले, “पुढं बसू का मागं?” चुलतभावाने गोठ्याशेजारची जागा मोजून पत्र्याचा खर्च काढला. मी मात्र मोबाईलवर काढून आणलेले त्या कार्डाचे फोटो पुन्हा पुन्हा मोठे करून बघत होते. कौतुकाने बघायला घेतले होते; बघता बघता झोप उडाली. बँकेच्या नावाआधी जो इंग्रजी शब्द होता तो मी शब्दकोशात शोधला. अर्थ निघाला : तारण. म्हणजे गाडी सरकारदरबारी अजून बँकेकडे तारण होती!

दुसऱ्या दिवशी मी कॉलेजला येताना तहसील कचेरीजवळच्या झेरॉक्सच्या दुकानात गेले. तिथे गाड्यांचे फॉर्म भरून देणारे एक काका बसतात. त्यांनी फोटो पाहून दोन मिनिटांत सगळे सांगितले. गाडी नावावर करायची तर फॉर्म २९ आणि ३० लागतात. पण तारणाची नोंद उठवायची तर आधी फॉर्म ३५ आणि सोबत बँकेचा ना हरकत दाखला हवा. ती मे महिन्यातली तारीख विम्याची नव्हती, नोंदणीची होती. खासगी मोटारीची नोंदणी पंधरा वर्षांची असते. ती संपली की गाडी तपासून घ्यायची, पर्यावरण कर भरायचा आणि पुढच्या पाच वर्षांसाठी नोंदणी नवी करायची. त्याची फी पूर्वी ६०० रुपये होती. १ एप्रिल २०२२ पासून ५,००० झाली. “आणि हे दोन टायर बघ,” फोटोवर बोट ठेवून काका म्हणाले, “गोटा झालेत. हे तपासणीला चालणार नाहीत.” मी तिथेच वहीच्या शेवटच्या पानावर बेरीज मांडली. बासष्ट हजारांची गाडी पंचाहत्तरच्या घरात जात होती.

योगायोग असा की त्याच आठवड्यात अर्थशास्त्राच्या तासाला सरांनी जॉर्ज ॲकरलॉफ या अमेरिकन अर्थशास्त्रज्ञाचा विषय काढला. १९७० साली त्याने जुन्या मोटारींच्या बाजारावर एक निबंध लिहिला आणि पुढे २००१ मध्ये दोघा सहकाऱ्यांबरोबर त्याला अर्थशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले. त्याचे म्हणणे थोडक्यात असे : गाडीचे गुणदोष विकणाऱ्याला ठाऊक असतात, घेणाऱ्याला नसतात. त्यामुळे घेणारा भीतभीत मधलीच किंमत देऊ करतो. त्या किमतीला चांगल्या गाडीचा मालक गाडी काढत नाही, आणि बाजारात उरतात त्या मुख्यत्वे खराब गाड्या. अमेरिकेत अशा गाडीला लिंबू म्हणतात, असे सर म्हणाले तेव्हा वर्ग हसला. मला हसू आले नाही. आमच्या पांढऱ्या मारुतीच्या बंपरला सात मिरच्या आणि एक लिंबू टांगलेले मी डोळ्यांनी पाहिले होते.

घरी जाताना एस. टी. त मी तो सिद्धांत आमच्या सौद्याला लावून पाहिला. तो बसेना. इंजिनाच्या पोटात काय आहे ते आम्हांला दिसत नव्हते, हे खरे. पण तारण आणि तारीख ही दोन्ही तर कार्डावर छापलेली होती, आणि ते कार्ड माझ्या हातात होते. माहिती दोघांकडेही सारखीच होती. ज्याच्याकडे ती वाचायचे काम दिले, त्याने ती वाचली नव्हती.

मग तीन दिवस मी गप्प राहिले. सरांनी ‘बुडीत खर्च’ शिकवला आहे. जे पैसे गेले ते गेले. पुढचा निर्णय घेताना ते मोजायचे नसतात. परीक्षेत मी यावर दहापैकी आठ गुण मिळवले आहेत. तरी मन पुन्हा पुन्हा त्या दहा हजारांभोवती फिरत होते. आणखी खरे सांगायचे तर दहा हजारांभोवतीही नव्हे. आमच्या घराण्यात कॉलेजची पायरी चढलेली मी पहिली. मला शिकवण्याबद्दल भावकीत आण्णांना कोण काय बोलले आहे ते मला माहीत आहे. “पोरगी कॉलेजात हाय, ती बघंल,” हे वाक्य उच्चारायला त्यांना दोन वर्षे थांबावे लागले होते. ते खोटे पाडायचे माझ्या जिवावर आले होते. बँकेचे होऊन जाईल, टायर बदलता येतील, मे महिना अजून लांब आहे, अशी मी माझी समजूत घालत होते. गाडीमालकाची वकिली मीच करत होते आणि तीही फुकट!

चौथ्या दिवशी पहाटे आण्णा धार काढत होते तेव्हा मी गोठ्याच्या दारात जाऊन सगळे सांगून टाकले. धारेचा आवाज थांबला नाही. चरवी भरल्यावर ते उठले आणि म्हणाले, “तवा का न्हाई बोललीस?”

“तेव्हा मला कळलं नाही, आण्णा.”

“मग न्हाई कळलं म्हणायचं हुतं. मला कळत न्हवतं म्हून तर तुला नेली. तुला न्हाई कळलं तर अजून कुणाला तरी नेलं असतं.” एवढेच. रागावले नाहीत. रागावले असते तर बरे झाले असते.

पुढच्या रविवारी आम्ही दोघे पुन्हा गाडीमालकाकडे गेलो. तो लबाड नव्हता. कर्ज त्याने २०१६ सालीच फेडले होते. पण ना हरकत दाखला आणायला बँकेत तो कधी गेलाच नव्हता. पुढे ती बँक दुसऱ्या बँकेत विलीन झाली आणि ती शाखाही उठली. नऊ वर्षे तो तशीच गाडी चालवत होता आणि त्याचे काही अडले नव्हते. “तुमच्या नावावर करताना बघू की,” तो म्हणाला. आण्णा म्हणाले, “ज्या बैलाचं दावं दुसऱ्याच्या हातात, त्यो आमच्या दारात कसा आणायचा?” बरीच बोलाचाली झाली. शेवटी त्याने आठ हजार परत दिले आणि दोन हजार ठेवून घेतले. मध्ये एक गिऱ्हाईक माघारी गेले, असे त्याचे म्हणणे होते.

बाहेर पडल्यावर मी चिडले. तारणाची गोष्ट सांगायची जबाबदारी त्याची होती, आपण दोन हजार का सोडायचे, पूर्ण मागायला हवे होते, असे मी बरेच बोलले. आण्णा चालता चालता थांबले.

“त्यानं बैलाचं तोंड धरून ठेवलं न्हवतं, पोरी. उघडून दावलं हुतं. दात आपल्याला मोजता आलं न्हाईत. आन् विसार दिऊन माघारी फिरलो ते आपून फिरलो.”

त्यांचे म्हणणे कायद्याने कितपत बरोबर आहे, हे मी अजून शिकायची आहे. पण त्या दोन हजारांत माझा वाटा किती, हे मला त्या दिवशी कळले.

मोटार आली नाही. गोठ्याशेजारच्या जागेत आता कडबा रचला आहे. आजी दर पंधरा दिवसांनी मोटारसायकलवर मध्ये बसते आणि फाट्यावर उतरताना ‘पुढं बसू का मागं’ म्हणून आम्हांला हसवते. मारुती आता कोणाच्या दारात आहे, कोण जाणे.

परवा शेजारच्या वस्तीवरचे एक मामा ट्रॅक्टरच्या कर्जाचे कागद घेऊन आले. “पोरी, वाचून सांग, सही करू का?” मी सगळी पाने वाचली. सहाव्या पानावर व्याजाबद्दलचे एक कलम होते, ते मी दोनदा वाचले. मग म्हणाले, “मामा, हे एक मला कळलं नाही. उद्या कॉलेजात सरांना विचारते, मग सांगते. तोवर सही करू नका.”

मामांचा चेहरा पडला. “कॉलेजात जाऊन एवढंबी कळंना व्हय?” असे ते म्हणालेच.

आण्णा ओट्यावर दोरखंड वळत बसले होते. ते काही बोलले नाहीत. त्यांनी आत वळून आईला मामांसाठी चहा टाकायला सांगितला.