हजर, गुरुजी!

हजेरी घेणे हे अध्यापकाच्या व्यवसायातील सर्वांत नीरस काम होय, असे माझ्या बहुतेक सहकाऱ्यांचे मत आहे. माझे मत अगदी निराळे आहे. तास रंगेल की नाही याची खात्री कोणीच देऊ शकत नाही. परंतु हजेरीची पाच मिनिटे सहसा फुकट जात नाहीत. गेल्या मार्गशीर्षातीलच गोष्ट. मी एक नाव उच्चारले आणि मागच्या बाकावरून ‘प्रेझेंट सर’ असा आवाज आला. आवाज घोगरा होता, आणि काही क्षणांपूर्वी तोच आवाज दुसऱ्या एका नावाला पातळ होऊन आला होता. मी मान वर केली नाही. मला एकदम माझी तलवाड्याची शाळा आठवली, आणि शेजारच्या वर्गास ऐकू जाईल इतके मोठे हसू मी मोठ्या कष्टाने आवरले.

तलवाडा हे बीड जिल्ह्याच्या गेवराई तालुक्यातील गाव. गावची देवता त्वरिता. तंत्रग्रंथांत ज्या पंधरा नित्या सांगितल्या आहेत, त्यांत त्वरितेची गणना होते. आणि नावाप्रमाणे ती भक्ताच्या हाकेसरशी धावून येते अशी श्रद्धा आहे. देवीच्या ठायी ही त्वरा असेल. पण आमच्या गावी बाकीचे सारे काही सावकाश येई. एस.टी. उशिरा येई, पाऊस उशिरा येई, नवी पाठ्यपुस्तके तर सहामाही परीक्षेच्या तोंडावर येत. इंग्रजीदेखील त्या काळी पाचवीत गेल्यावरच भेटे. आणि भेटल्यानंतरही आमचा व तिचा परिचय व्हावयास जी वर्षे लागली ती लागलीच. देवीने आपली सगळी त्वरा स्वतःपाशीच राखून ठेवली असावी, असे आम्हां मुलांचे पक्के मत होते.

आमच्या घरी हजेरीला तीन पिढ्यांचा इतिहास आहे. आजोबा निजामाच्या अमदानीत उर्दूतून शिकले. त्यांच्या वर्गात नाव पुकारले की मुलाने उभे राहून ‘हाजिर, जनाब’ म्हणावयाचे. सप्टेंबर 1948 मध्ये हैदराबाद संस्थान भारतात विलीन झाले, पुढे 1956 मध्ये मराठवाडा मुंबई राज्यास जोडला गेला, आणि आम्ही शाळेत जाईपर्यंत ‘हाजिर, जनाब’चे ‘हजर, गुरुजी’ झालेले होते. आता माझ्या वर्गात ‘प्रेझेंट सर’ चालते. राज्ये बदलली, भाषा बदलल्या. एकाने दुसऱ्याच्या नावाने ओ देण्याची विद्या मात्र तिन्ही राजवटींत अबाधित राहिली. आजोबांनीही ती केली होती, हे त्यांनी मला एकदा आजी स्वयंपाकघरात आहे असे पाहून हळूच सांगितले होते.

परंतु आमच्या वर्गातील ही विद्या चैनीखातर जन्मास आलेली नव्हती. आमचा पट 43 मुलांचा. दसरा होई, दिवाळी जवळ येई, आणि गावात मुकादमांची ये-जा वाढे. उचल घेतलेली कुटुंबे भांडीकुंडी, शेळ्या आणि पोरे यांसह गाड्यांत बसून निघत. कोणी तेव्हाच्या अहमदनगराकडे, कोणी सातारा-सांगलीकडे, कोणी थेट कोल्हापुरास. 1950 साली प्रवरानगरास पहिला सहकारी साखर कारखाना निघाला आणि पुढे पश्चिम महाराष्ट्रात कारखान्यांची रांगच लागली. त्या सगळ्यांचा ऊस तोडण्यास लागणारे हात आमच्या कोरडवाहू मुलखातून जाऊ लागले. 1972 च्या दुष्काळानंतर तर ही वाट अधिकच रुळली. दिवाळीची सुटी संपून शाळा उघडे, तेव्हा वर्गात निम्मी मुले उरत. बाकीची आईबापांबरोबर फडावर गेलेली असत. मुलगे मोळ्या बांधू लागत, मुली कोपीपाशी धाकट्या भावंडांस सांभाळीत.

पट मात्र 43 चाच राही, आणि गुरुजी तो रोज पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचीत. पहिल्या एकदोन वर्षी गेलेल्या मुलांच्या नावांना शांतता उत्तर देई. मग एके दिवशी आमच्यातील एका धीट मुलाने त्या शांततेत ‘हजर, गुरुजी’ म्हणून टाकले. आम्ही श्वास रोखला. गुरुजींची लेखणी थबकली, आणि पुढच्या नावाकडे वळली. झाले! त्या दिवसापासून ही कला भरभराटीस आली. आम्ही गेलेल्यांची नावे आपसांत वाटून घेतली. ऊसतोडीच्या हिशोबात नवराबायको दोघे मिळून एक कोयता धरतात. आमच्या वर्गाच्या हिशोबात एक मुलगा पाच धरला जाई. ज्याच्या त्याच्या आवाजाची नक्कल करावी असा दंडक होता. एका मुलीचे नाव एका दांडग्या मुलाच्या वाट्यास आले होते. तो तिच्याकरिता गळा इतका बारीक करी की ‘हजर’मधील ‘ह’ ऐकूच येत नसे, नुसतेच ‘जर’ बाहेर पडे. माझ्याकडे माझ्या शेजारच्या मित्राचे नाव होते. त्याचा आवाज मला इतका साधला होता की त्याची धाकटी बहीणसुद्धा फसली असती, असे सगळे म्हणत.

आणि मग 1982 च्या हिवाळ्यात एक दिवस दिपोटी आले. शाळा तपासणाऱ्या साहेबांचे खरे पदनाम काहीही असो, गावात त्यांना दिपोटीच म्हणत. साहेब खुर्चीवर बसले आणि त्यांनी गुरुजींस हजेरी घेण्यास सांगितले. आज काय करावे हे आम्हांला कोणी सांगितले नव्हते. गुरुजींस संकटात सोडणे बरे नव्हे असे आम्ही मनोमन ठरविले, आणि इमानेइतबारे सगळ्याच्या सगळ्या 43 नावांस ओ दिली. साहेबांनी शांतपणे चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला आणि बोट दाखवून डोकी मोजली. डोकी भरली 20.

वर्गात टाचणी पडली तरी ऐकू यावी अशी स्थिती झाली. साहेबांनी गुरुजींकडे पाहिले. गुरुजी हजेरीपट मिटीत म्हणाले, ‘‘साहेब, नावे सगळी हजर आहेत. मुले तेवढी ऊस तोडायला गेली आहेत.’’

साहेब बराच वेळ बोलले नाहीत. मग विषय बदलावा म्हणून की काय, ते आमच्याकडे वळले. ‘‘तुमच्या या तालुक्यात, राक्षसभुवनाला, 1763 साली मोठी लढाई झाली. त्या लढाईत निजामाचा पराभव कोणी केला?’’ वर्ग गप्प. पानिपत आम्हांला पाठ होते. घराजवळची लढाई आम्हांस ठाऊक नव्हती. साहेब वाट पाहून थकले आणि स्वतःच म्हणाले, ‘‘माधवराव पेशवे!’’

नाव ऐकताच, केवळ सवयीने, मागच्या रांगेतून खणखणीत आवाज आला, ‘‘हजर, गुरुजी!’’

साहेब हसले ते इतके हसले की त्यांना पुन्हा चष्मा काढून पुसावा लागला. गुरुजी हसले, आम्ही हसलो. थोरल्या माधवरावांची ती हजेरी दोनशे वर्षे उशिरा लागली खरी, परंतु तिने त्या दिवशीही लढाई जिंकून दिली. साहेबांनी शेरेबुकात काय लिहिले ते आम्हांस कधीच कळले नाही. पण पट 43 चाच राहिला.

आपण गुरुजींस फसवीत होतो, ही माझी समजूत पुढे कित्येक वर्षे कायम होती. मी स्वतः अध्यापक झालो आणि पहिल्याच दिवशी व्यासपीठावर उभा राहिलो, तेव्हा ती एका क्षणात गळून पडली. वाचकहो, ज्यांना हा अनुभव नाही त्यांच्याकरिता सांगतो: तेथून सगळे दिसते. बाकाखालची चिठ्ठी दिसते, मिटत चाललेले डोळे दिसतात, आणि कोणाच्या नावास कोण ओ देतो हे तर आंधळ्यासही कळते. मग आमच्या गुरुजींस 20 डोकी दिसत नव्हती काय? त्यांनी नाव कमी केले असते, तर चैत्रात परतलेल्या मुलाला पुन्हा दाखल करण्यासाठी त्याच्या बापास कामावरचा दिवस मोडून कागद घेऊन यावे लागले असते. आणि तो आला नसता. गुरुजी दार किलकिले ठेवीत होते, आणि दार वाजविण्याचे काम आमच्याकडून करवून घेत होते.

येथे हा निबंध संपविता आला असता तर मला बरे वाटले असते. परंतु माझा मित्र चैत्रात परत येई तेव्हा त्याच्या हातांवर उसाच्या पात्यांचे ओरखडे असत, आणि फळ्यावर व्यवहारी अपूर्णांक असत. पाच महिन्यांत आम्ही जे शिकलो ते त्याच्या नावाने शिकलेले नव्हते. आठवीच्या वर्षी तो दिवाळीत गेला तो पाडव्यालाही शाळेत आला नाही. मी वर्षभर त्याच्या आवाजात ‘हजर’ म्हणत होतो. वार्षिक परीक्षेला त्याची जागा रिकामी राहिली, आणि नक्कल करण्याची माझी कला त्या जागेवर काहीच उपयोगी पडली नाही. त्या दिवसानंतर मी कोणाच्या नावास ओ दिली नाही.

पुढे खूप वर्षांनी नवरात्रात देवीच्या दर्शनास गेलो असता तो मला भेटला. तोही आता पन्नाशीचा. मला पाहताच म्हणाला, ‘‘काय सर, आमची हजेरी अजून लावतोस का नाही?’’ आम्ही देवळाच्या पायरीवर बसलो. तो सांगू लागला, ‘‘कोपीवर सकाळी मोळ्या बांधताना मी आईला म्हणायचो, आई, आता शाळा भरली; आता माझं नाव आलं; आता मी हजर झालो. लई बरं वाटायचं.’’ मग थोडे थांबून, अगदी हसत हसत तो म्हणाला, ‘‘आवाज तर तू माझा अगदी हुबेहूब काढायचास गड्या. गणितं तेवढी राहिली.’’

मी अनेक ग्रंथांवर परीक्षणे लिहिली आहेत. आमच्या त्या खेळाचे याहून नेमके परीक्षण मला लिहिता आले नसते. मध्यंतरी कारखान्यांजवळ साखरशाळा निघाल्या, गावोगाव हंगामी वसतिगृहे झाली. शिक्षणहक्काचा कायदा 2009 साली झाला आणि पुढच्या वर्षी अमलात आला. पुष्कळ मुले आता मागे राहून शिकतात. तरीही दिवाळीच्या सुमारास बीडच्या रस्त्यांवरून गाड्या निघतात, आणि त्यांत दप्तराच्या वयाची पोरे अद्यापि दिसतात.

म्हणून त्या दिवशी, मार्गशीर्षातल्या त्या तासाला, मी हजेरीपट मिटला नाही. तास संपल्यावर त्या दोन आवाजांच्या धन्यास थांबवून घेतले. महिना ऊसतोडीचा होता, आणि ज्याच्या नावास त्याने ओ दिली तो मुलगा आमच्याच भागातला होता. माझ्या छातीत थोडी धडधड होत होती. मी विचारले, ‘‘खरे सांग, तो कुठे आहे?’’

मुलगा खाली मान घालून म्हणाला, ‘‘सर, कॅन्टीनमध्ये. भजी खातोय.’’

इतक्या आनंदाने मी आजवर कोणाचीही गैरहजेरी मांडलेली नाही.