बोट लागणार कुणाला?

आमच्या घराण्यात सहलीचं ठिकाण ठरवण्याची एक जुनी पद्धत आहे. सर्वांनी आपापली मतं मोठ्यांदा मांडायची, दोघांनी रुसायचं आणि शेवटी महाबळेश्वरला जायचं. गेली चाळीस वर्षं आम्ही या पद्धतीने लोकशाही पाळत आलो. पण जानेवारीत लंडनच्या पुतण्याचा फोन आला, "काका, मे महिन्यात सगळे भूमध्य समुद्रावर या. शिडाची नौका भाड्याने घेऊ. चालवणार मी." त्याच्याजवळ नौकेचा परवाना आहे. स्कूटरचा परवाना त्याला तिसऱ्या खेपेला मिळाला होता, ही माहिती मेहुण्यांनी न विचारता पुरवली.

खरं कारण सगळ्यांनाच ठाऊक होतं. गेल्या वर्षी वहिनी गेली, आणि तेव्हापासून दादा 'हो', 'नको' आणि 'पंखा बंद कर' एवढंच बोलत होता. बापाला घराबाहेर काढायला पोराने अख्खा समुद्र निवडला होता.

नऊ माणसं आणि एक नकाशा. मेहुण्यांना सान्तोरिनी हवं होतं, कारण त्यांच्या बँकेच्या कॅलेंडरवर ते एक वर्ष होतं. पुतण्या म्हणाला, एजियन समुद्रात उन्हाळ्यात उत्तरेकडून मेल्तेमी नावाचा वारा सुटतो, तो दिवसेंदिवस थांबत नाही.

"मेलीचं नावच बघा!" आत्या म्हणाली. सान्तोरिनी बाद.

सुनेने क्रोएशिया सुचवला. हजाराच्या वर बेटं, आणि २०२३ पासून तिथे शेंगेनचा व्हिसाही चालतो. शिवाय तिने पाहिलेल्या कुठल्याशा मालिकेचं चित्रण दुब्रोवनिकला झालं होतं. पण डोंगरावरून कोसळणाऱ्या बोरा वाऱ्याचं वर्णन पुतण्याने जरा जास्तच रंगवलं. मग निघाला तुर्कस्तान. तिथे गुलेत नावाच्या रुंद लाकडी नौका मिळतात, खलाशी आणि स्वयंपाकी यांच्यासकट. स्वयंपाकी ऐकताच मेहुणे सावरून बसले. पण मग कप्तानही त्यांचाच, म्हटल्यावर फोनवर दोन मिनिटं शांतता पसरली. व्हिसा वेगळा लागतो, असं कारण देऊन आम्ही पुतण्याची अब्रू वाचवली.

उरला ग्रीसचा पश्चिम किनारा, आयोनियन समुद्र. तिथे सकाळी वारा जवळपास नसतो, दुपारी वायव्येकडून येतो आणि संध्याकाळी पडतो. एखाद्या सरकारी कचेरीसारखा. लेफ्कादा बेट मुख्य भूमीला पुलाने जोडलेलं, म्हणजे गाडीनेच जायचं. पुढे मेगानिसी, मग इथाका. ट्रॉयहून या इथाकेला परतायला ओडिसियसला दहा वर्षं लागली. "आपला आठवड्यात पोचवेल ना?" मेहुण्यांनी विचारलं.

खरी चर्चा रंगली ती संडासावर. तो हातपंपाने चालवायचा आणि कागद आत टाकायचा नाही, हे कळल्यावर तासभर दुसरा विषय निघाला नाही. आत्याचा शनिवारचा उपास आणि नौका मिळते नेमकी शनिवारी, ही अडचण वेगळीच. वर धक्क्याला नौकेची पाठ लावून फळीवरून उतरायचं. पण गोवा-मुंबई कोकणबोटीत आत्याला 'बोट लागली' होती, तीही मालवणच्या बंदरात, बोट उभी असताना. त्यामुळे तिला कुठलाही समुद्र सारखाच.

तेवढ्यात दादाने विचारलं, "भरती-ओहोटी किती तिथे?"

वर्षभरातलं पहिलं पूर्ण वाक्य! दादाची उभी हयात मुंबईच्या गोदीत लाँचवर गेली.

"फार तर फूटभर, बाबा."

"हात्तिच्या! मग दोर सैल ठेवायची अक्कल कुठून येणार त्यांना?" दादाने नकाशा स्वतःकडे ओढला. पुतण्याने हळूच सांगितलं, ग्रीसमध्ये परवानाधारकाबरोबर नौकेवर आणखी एक जाणता माणूस लागतो. दादा काही बोलला नाही. चष्मा मात्र पुसून घातला.

आयोनियन ठरलं. नौकेत जागा दहा, आम्ही नऊ. दहावी कुणाची, हे कुणी काढलं नाही. दादानेच म्हटलं, "तिथे जाड शाली ठेवू. रात्री वारा लागतो."

आता तो रोज पहाटे सहाला फोन लावून पुतण्याला नांगराची साखळी किती मीटर, हे विचारतो. लंडनला तेव्हा रात्रीचे साडेबारा वाजलेले असतात. पुतण्या पहिल्या घंटेला उचलतो.