वॉबॅश नदीकाठचा पाहुणचार

अमेरिकेतील इंडियाना राज्यात वॉबॅश नदीच्या दोन तीरांवर दोन गावे समोरासमोर वसली आहेत. पूर्वेस लाफायेट आणि पश्चिमेस वेस्ट लाफायेट. शिकागोहून मोटारीने आग्नेय दिशेला निघाले की सुमारे दोनशे किलोमीटरवर ती लागतात. वाटेत दोन्ही बाजूंना नजर पोहोचेल तिथवर मका आणि सोयाबीनची सपाट शेते पसरलेली असतात. पश्चिम तीरावर पर्ड्यू विद्यापीठ आहे. त्याच्या नावाची कथा व्यापारी समाजाला विशेष जवळची वाटेल. जॉन पर्ड्यू हा लाफायेटचा एक घाऊक व्यापारी. १८६९ मध्ये विद्यापीठाच्या स्थापनेसाठी त्याने दीड लाख डॉलर दिले, स्थानिक रहिवाशांनी शंभर एकर जमीन दिली आणि राज्याने विद्यापीठास त्याचे नाव दिले. १८७६ मध्ये तो निवर्तला. त्याची समाधी विद्यापीठाच्या आवारातच आहे आणि विद्यार्थी रोज तिच्या शेजारून वर्गांकडे जातात.

या विद्यार्थ्यांत भारतीय मुलामुलींची संख्या मोठी आहे. २०२३-२४ या शैक्षणिक वर्षात संपूर्ण अमेरिकेत ३ लाख ३१ हजार ६०२ भारतीय विद्यार्थी शिकत होते आणि परदेशी विद्यार्थ्यांत भारताचा क्रमांक पहिला होता. पुणे, सोलापूर, अहिल्यानगर, सांगली येथील जैन कुटुंबांतही आज असे घर विरळाच, की ज्याच्या नात्यातले एखादे मूल तिकडे नाही.

ऑगस्टपासून नोव्हेंबरपर्यंत हे गाव गजबजलेले असते. मग नोव्हेंबरचा चौथा गुरुवार येतो. तो ‘थँक्सगिव्हिंग’चा, म्हणजे कृतज्ञतेचा दिवस. १८६३ मध्ये राष्ट्राध्यक्ष अब्राहम लिंकन यांनी तो राष्ट्रीय स्तरावर घोषित केला आणि १९४१ च्या कायद्याने चौथा गुरुवार कायमचा ठरला. आपल्याकडे दिवाळीला जसे प्रत्येक जण घराकडे धाव घेतो, तसे अमेरिकन विद्यार्थी त्या आठवड्यात आपापल्या गावी निघून जातात. नाताळात तर ही सुट्टी कित्येक आठवड्यांची होते. अनेक विद्यापीठांत त्या काळात वसतिगृहांना कुलपे लागतात. जिथे खोल्या उघड्या राहतात, तिथेही भोजनालये बहुधा बंद असतात. रस्त्यांवर बर्फ, दुकाने मिटलेली आणि साडेपाचच्या आत सूर्यास्त. परदेशी विद्यार्थ्याला घराची खरी आठवण परीक्षेच्या दिवसांत येत नाही, ती या रिकाम्या दिवसांत येते.

याच दिवसांत अशा विद्यापीठांच्या गावांतील चर्चशी निगडित कुटुंबे आपली दारे उघडतात. व्यवस्था साधी असते. विद्यार्थी एक अर्ज भरतो. त्यात सुट्टीच्या तारखा, आहार, कुत्र्यामांजरांचे वावडे, प्रकृतीच्या तक्रारी इत्यादी माहिती असते. चर्चचे स्वयंसेवक किंवा परदेशी विद्यार्थ्यांसाठी काम करणारी मंडळी त्याची एखाद्या कुटुंबाशी गाठ घालून देतात. कुठे हा पाहुणचार एका जेवणापुरता असतो, कुठे चार दिवसांचा, कुठे आठवडाभराचा. राहण्याचे भाडे आकारले जात नाही. विद्यार्थ्याने प्रवासाचा खर्च करावा, घरातील कामाला हात लावावा आणि जमल्यास आपल्या देशाची एखादी छोटी भेट न्यावी, एवढीच अपेक्षा असते.

बार्शीच्या एका भुसार व्यापारी कुटुंबातील मुलगा याच गावी अभियांत्रिकीच्या पदव्युत्तर शिक्षणासाठी गेला. निघताना आजीने त्याला नवकार म्हणायला लावून तीन गोष्टी कबूल करून घेतल्या होत्या. मांस, मासे आणि अंडी नाहीत, मद्य नाही, आणि कंदमुळाचा त्याग पाळवेल तेवढा पाळायचा. पहिल्या थँक्सगिव्हिंगला चर्चच्या एका निवृत्त दांपत्याने त्याला चार दिवसांसाठी घरी बोलावले. अर्जातील आहाराच्या रकान्यात त्याने ‘शाकाहारी’ हा एकच शब्द लिहिला होता. त्याच्या दृष्टीने त्या एका शब्दात सर्व काही आले होते.

त्या दिवसाचे जेवण दुपारी दोन वाजता असते. चौविहार पाळणाऱ्यास याहून सोयीची वेळ कोणती? परंतु टेबलावर मांडलेल्या पदार्थांत प्रत्येक ठिकाणी काही ना काही अडचण होती. मध्यभागी टर्की पक्षी होता, त्याचा प्रश्नच नव्हता. पावाचे सारण त्याच पक्ष्याच्या रसात भिजवलेले, भोपळ्याच्या पायमध्ये अंडी, बटाट्याचा लगदा हे कंदमूळ. फरसबीच्या पदार्थावर तळलेला कांदा. राहिले रताळ्याचे गोड पदार्थाचे भांडे. रताळेही कंदच, पण यजमानीण बाईंनी ते खास त्याच्यासाठी, मांस न घालता केले होते. आग्रह मोडवेना म्हणून त्याने दोन चमचे खाल्ले. वर पांढरे, मऊ, भाजलेले असे काहीतरी होते. ते काय, असे त्याने सहज विचारले.

बाईंनी नाव सांगितले, मार्शमॅलो. त्यात काय असते हे त्यांनाही नेमके ठाऊक नव्हते. त्या उठल्या, केराच्या डब्यातून रिकामी पिशवी काढली, चष्मा लावला आणि त्यावरील घटकांची यादी मोठ्याने वाचू लागल्या. साखर, मक्याचा पाक, स्टार्च आणि जिलेटिन. जिलेटिन म्हणजे जनावरांची हाडे व कातडी उकळून काढलेला पदार्थ. मुलाने चमचा खाली ठेवला. टेबलावर कोणी बोलेना. बाईंचे डोळे भरून आले आणि मुलाला कुठे पाहावे हे कळेना. त्या दुपारी त्याने क्रॅनबेरीची गोड चटणी, पाव आणि सफरचंदे खाल्ली.

रात्री त्याने बार्शीला दूरध्वनी केला. तिकडे सकाळ झाली होती. व्रत मोडले, आता पुन्हा अशा घरी जाणार नाही, असे तो म्हणाला. आजीने सगळे ऐकून घेतले आणि सांगितले, “एक आयंबिल कर. चूक तुझी आहे, त्या बाईंची नाही. तू नीट सांगितलंच नाहीस, मग त्यांना कळणार कसं? तुझ्यासाठी त्यांनी केरात हात घातला, हे विसरू नकोस.”

दुसऱ्या दिवशी मुलाने कागद घेतला आणि दोन स्तंभ आखले. एका बाजूला चालणारे पदार्थ, दुसऱ्या बाजूला न चालणारे. तूप, दूध, डाळी, तांदूळ, टोमॅटो, कोबी, मका, फळे चालतात. अंडी, जिलेटिन, डुकराची चरबी, मांसाचे सूप, मध, कांदा, लसूण, बटाटा चालत नाहीत. शेवटी सूर्यास्ताची वेळ लिहिली. यजमानांनी तो कागद चुंबकाने फ्रीजच्या दारावर लावला. नाताळात त्याच घरचे बोलावणे आले, तेव्हा बाईंनी एक नवी कढई विकत आणून ठेवली होती. इंडियानाचा सुप्रसिद्ध ‘शुगर क्रीम पाय’ हा साय, साखर आणि मैद्याचा पदार्थ पारंपरिक रीतीने अंड्यावाचूनच होतो. त्याच्या पारीत पूर्वी डुकराची चरबी घालत, ती टाळून बाईंनी वनस्पतिजन्य स्निग्धांश वापरला. मुलाने मूगडाळीची खिचडी केली. जेवण साडेचारला उरकले.

परधर्मीयांच्या घरी राहण्याचा हा प्रश्न महाराष्ट्राला नवा नाही. १८७८ च्या सुमारास कोल्हापूर येथे नोकरीस असताना गोपाळराव जोशी यांनी पत्नीच्या वैद्यकीय शिक्षणासाठी अमेरिकन मिशनऱ्यांकडे साहाय्य मागितले. धर्मांतराची अपेक्षा पुढे आली आणि ते नाकारले गेले. परंतु तो पत्रव्यवहार एका मिशनरी मासिकात छापून आला आणि न्यू जर्सीतील रोझेल गावच्या थिओडिशिया कार्पेंटर या गृहिणीने तो दंतवैद्याच्या प्रतीक्षागृहात वाचला. तिने आपण होऊन पत्र लिहिले. १८८३ मध्ये अठरा वर्षांच्या आनंदीबाई कार्पेंटर यांच्याच घरी उतरल्या. निघण्यापूर्वी श्रीरामपूर येथील जाहीर भाषणात, आपण हिंदू म्हणून जाऊ आणि हिंदू म्हणूनच परत येऊ, असे त्यांनी स्पष्ट केले होते. हे जाणूनही त्या ख्रिस्ती घराने त्यांना मुलीसारखे वागवले. १८८६ मध्ये आनंदीबाई डॉक्टर झाल्या, १८८७ मध्ये पुण्यात त्यांचे निधन झाले. त्यांच्या अस्थी कार्पेंटरबाईंकडे पाठवण्यात आल्या आणि न्यूयॉर्क राज्यातील पोकीप्सी येथे त्या कुटुंबाच्या स्मशानभूमीत ठेवण्यात आल्या. एकाच पत्रव्यवहारातून धर्मांतराची अटही निघाली आणि निरपेक्ष मायाही निघाली.

आजही दोन्ही प्रकार संभवतात. पाहुणचारामागे धर्मप्रसाराचा हेतू बाळगणाऱ्या संस्था आहेत आणि केवळ शेजारधर्म म्हणून दार उघडणारी कुटुंबेही आहेत. पालकांनी मुलांना दोहोंतील फरक ओळखायला शिकवावे. चर्चला येणे सक्तीचे आहे काय, हे आधीच विचारण्यात गैर नाही. नाताळच्या पूर्वसंध्येच्या प्रार्थनेस कुतूहलाने जाता येते. दिवे मंद करून सर्वजण हातात मेणबत्त्या घेतात आणि ‘सायलेंट नाइट’ हे गीत गातात, तो प्रसंग शांत आणि सुंदर असतो. ज्या चर्चमध्ये पाव आणि द्राक्षरसाचा प्रसाद घेण्यासाठी लोक पुढे जातात, तिथे पाहुण्याने आपल्या जागी बसून राहिले तरी तो अनादर ठरत नाही. वेष्टनावरील यादी जशी वाचावी, तशी निमंत्रणाची अटही वाचावी. ती न पटल्यास आभार मानून नकार द्यावा.

बार्शीच्या मुलालाही एक कसोटीचा क्षण आला. नाताळच्या जेवणापूर्वी घरातील सर्वांनी हात धरून प्रार्थना केली आणि मग यजमानांनी त्याला त्याच्या घरची प्रार्थना म्हणण्याची विनंती केली. त्याने नवकार म्हटला आणि अर्थ सांगितला. यात कोणा एका व्यक्तीचे नाव नाही, काही मागणेही नाही. अरिहंत, सिद्ध, आचार्य, उपाध्याय आणि सर्व साधू यांना नमस्कार आहे. काही मागायचे नाही हे ऐकून यजमान थोडा वेळ गप्प राहिले. मग त्यांनी तो मंत्र पुन्हा म्हणायला सांगितला. १८९३ मध्ये शिकागोच्या सर्वधर्म परिषदेत वीरचंद राघवजी गांधी यांनी जैन धर्माची ओळख करून दिली, ते ठिकाण या घरापासून तीन तासांच्याही अंतरावर नाही.

श्रावकाच्या बारा व्रतांतील अखेरचे व्रत अतिथिसंविभाग. मूलतः ते साधुसाध्वींना निर्दोष आहार अर्पण करण्याचे व्रत आहे. परंतु आपल्या ताटातला वाटा आधी बाजूला काढण्याची जी वृत्ती त्यामागे आहे, ती त्या इंडियानातील स्वयंपाकघरात व्रताचे नाव ठाऊक नसतानाही दिसली. आपली मुले परदेशी घरांत जेवतात, तर त्या पाहुणचाराची परतफेड कुठे करायची, हा हिशेब आपणही मांडला पाहिजे.

त्याची सुरुवात महाराष्ट्रात फार पूर्वी झाली आहे. कुंभोजच्या जैन घरात जन्मलेल्या कर्मवीर भाऊराव पाटील यांनी साताऱ्यात सर्व जातींच्या मुलांसाठी वसतिगृह चालवले, तेव्हा त्या मुलांच्या पोटासाठी लक्ष्मीबाईंनी अंगावरचे दागिने विकले. पुण्यात फर्ग्युसनच्या वसतिगृहात कावीळ झालेल्या मॉरिशसच्या विद्यार्थ्याला खिडकीतून जेवण देणारी मुलगी डॉ. शां. ब. मुजुमदार यांनी पाहिली आणि परदेशी विद्यार्थ्यांच्या एकाकीपणाच्या त्या जाणिवेतून १९७१ मध्ये सिंबायोसिसचा जन्म झाला.

आज पुण्याच्या वसतिगृहांत आफ्रिकेतील, नेपाळमधील आणि आपल्याच ईशान्य भारतातील मुले दिवाळीत मागे राहतात. लक्ष्मीपूजनाच्या संध्याकाळी त्यांच्या खोल्यांबाहेर पणती नसते. त्यांना काय चालते आणि काय चालत नाही हे आधी विचारून, आपल्या घरचे नियमही मोकळेपणाने सांगून, एका पानाची जागा वाढवणे कोणत्याही व्यापारी घराला जड नाही.

बार्शीच्या त्या घरी गेल्या दिवाळीत सोलापूरच्या महाविद्यालयात शिकणारी मणिपूरची दोन मुले चार दिवस राहून गेली. ती येण्यापूर्वी आजीने नातसुनेला कागद आणायला सांगितला आणि दोन स्तंभ आखून घेतले.