भिंतीतला पिंपळ, कुंडीतला पिंपळ

आपल्या वसतिगृहाच्या मागच्या भिंतीला, पाण्याच्या टाकीखाली, एक चीर होती. त्या चिरेत पिंपळाची तीन रोपे उगवली होती. ती कुणी लावली नव्हती. पिंपळाची फळे खाणाऱ्या पाखरांच्या विष्ठेतून बी पडते आणि ओल मिळेल तेथे रुजते. मुळे जाड झाली की भिंत फुटते, म्हणून पावसाळ्याच्या तोंडावर ती रोपे काढायचे ठरले. आम्ही तेव्हा आठवीत होतो. ज्या वृक्षाखाली तथागतांना बोधी प्राप्त झाली त्याच्या रोपावर पहार चालवताना आमचे हात अडखळले. विज्ञानाचे गुरुजी म्हणाले, "उपटू नका, सोडवा."

चिरेवर पाणी मारून, एकेक मूळ मोकळे करत आम्ही तिन्ही रोपे सोडवली. त्यांतल्या एकाचे बोन्साय करू, असे गुरुजींनी सांगितले. हा शब्द आम्ही प्रथमच ऐकत होतो. 'बोन' म्हणजे पसरट भांडे आणि 'साय' म्हणजे लागवड. नाव जपानी असले तरी या कलेचा उगम चीनमधला.

पहिले रोप आमच्या मायेने मेले. कयाधूच्या खोऱ्यातली काळी माती कापसाला आणि हळदीला मानवते, म्हणून आम्ही तीच कुंडीत दाबून भरली. कुंडीत ती चिखलाचा गोळा होऊन बसते आणि वाळली की भेगाळून बारीक मुळे तोडते. त्यात जाता-येता प्रत्येक मुलगा तांब्याभर पाणी ओतून जाई. तीन आठवड्यांत पाने पिवळी पडून गळाली. गुरुजींनी रोप काढून काळी पडलेली, कुजका वास येणारी मुळे आमच्यासमोर धरली. तहानलेल्या घरांतून आलेल्या आम्हां मुलांना, पाण्यानेही जीव जातो, हे त्या दिवशी प्रथम कळले.

दुसऱ्या रोपासाठी आम्ही शहाणे झालो. कुंडीच्या तळाच्या भोकावर जाळीचा तुकडा ठेवला. एक भाग माती, एक भाग जाड वाळू व विटेचे बारीक तुकडे, एक भाग चांगले कुजलेले शेणखत असे मिश्रण केले. पाणी घालण्यापूर्वी बोटाचे एक पेर मातीत घालून पाहायचे आणि ओल लागली तर परत फिरायचे, हा नियम झाला. फळ्यावर पाळी लिहिली गेली. एका दिवशी एकाच मुलाने कुंडीला हात लावायचा. झाड खोलीत न ठेवता उघड्यावर ठेवले. चैत्र-वैशाखात मात्र सकाळचे ऊन देऊन दुपारी ते लिंबाच्या सावलीत, ओल्या वाळूच्या परातीवर हलवले जाई. उन्हाळी सुट्टीत आम्ही गावी गेलो, तेव्हा वसतिगृहाच्या कामाठी मामांनी ते जगवले. त्यांचे नाव कुठल्याही फळ्यावर लिहिलेले नव्हते, याची खंत आजही वाटते.

दुसऱ्या हिवाळ्याच्या अखेरीस एकेक करून सगळी पाने गळाली. हेही गेले, असे समजून आमच्यातले काही रडले. गुरुजींनी नखाने सालीचा कण खरवडला. आत हिरवे होते. काही दिवसांतच तांबूस, झळाळती पालवी फुटली. पानगळ हे मरण नव्हे, हे आम्ही पुस्तकाआधी त्या काडीवर वाचले.

मग मुळे छाटायचा पावसाळा आला. रविवार होता, भेटीचा दिवस. एका मुलाचे वडील आमच्यामागे उभे राहून पाहत होते. ते म्हणाले, "गुरुजी, आपल्याला पिढ्यान्‌पिढ्या असंच खुरटं ठेवलं. आता आपली लेकरं झाडाला खुरटं ठेवायला शिकायलेत काय?"

सगळे स्तब्ध झाले. गुरुजींनी शांतपणे समजावले. खुरटलेल्या झाडाला अन्न नाकारलेले असते. बोन्सायला ऊन, पाणी, खत आणि रोज कुणाची तरी नजर मिळते. जाड मूळ कापतो ते अन्न शोषणारी केसमुळे वाढावीत म्हणून. वडिलांनी ऐकून घेतले आणि विचारले, "हे झाडाला विचारलं का?"

गुरुजींनी कात्री खाली ठेवली. त्या दिवशी मुळे छाटली गेली नाहीत. संध्याकाळी वंदनेनंतर त्यांनी आम्हांला संघमित्रेची गोष्ट सांगितली. इ. स. पूर्व तिसऱ्या शतकात तिने बोधिवृक्षाची फांदी लंकेला नेली. 'महावंसा'नुसार ती सोन्याच्या पात्रातून गेली आणि अनुराधपूरच्या भूमीत लावली गेली. पात्र प्रवासापुरते होते. दुसऱ्या दिवशी तेलाच्या डब्यात तगून राहिलेले तिसरे रोप आम्ही सर्व इमारतींपासून दूर, कुंपणाच्या कडेला, जमिनीत लावले. खड्डा त्याच वडिलांच्या मुलाने खणला. कुंडीतल्या रोपाची मुळे त्यानंतर आठवड्याने छाटली आणि ते तीन आठवडे सावलीत ठेवले.

पुढे वाचनात आले की हिरोशिमाच्या यामाकी कुटुंबाचा एक बोन्साय पाइन 6 ऑगस्ट 1945 च्या अणुबॉम्बमधूनही वाचला आणि 1976 मध्ये त्यांनी तो अमेरिकेला भेट दिला. 1625 पासून पिढ्यांनी तो सांभाळला आहे. एका माणसाच्या आयुष्यात बोन्साय पुरा होत नाही. त्याला पुढचे हात लागतात. आपल्या विद्यालयात ते हात दरवर्षी नव्या आठवीचे असतात.

नव्याने सुरुवात करणाऱ्यांना आम्ही एवढेच सांगू: विकतचे झाड आणू नका. मृगाच्या पावसात आपल्याच घराची भिंत पाहा. एक रोप कुंडीत लावा आणि एक जमिनीत.

त्या वडिलांच्या प्रश्नाचे पूर्ण उत्तर आम्हांला अजूनही देता येत नाही. या स्मरणिकेच्या निमित्ताने आम्ही आलो, तेव्हा कुंपणालगतच्या पिंपळाखाली पालक बसले होते. कुंडीतला पिंपळ अजून आमच्या गुडघ्याएवढाही नाही. आमच्यातल्या एकाने सवयीने मातीत बोट घातले. माती ओली होती. आज पाळी असलेली मुलगी लांबून आमच्यावर लक्ष ठेवून होती.