नदीमुखातील घास

जबलपूरच्या उत्तरेस सिहोरा हे गाव आहे. त्या परिसरातून वाहणारी हिरण नदी पुढे नर्मदेला मिळते आणि नर्मदा भरूचजवळून खंबातच्या आखातात विलीन होते. सिहोऱ्याच्या माणसाने समुद्र पाहिलेला असो वा नसो, त्याच्या शिवारावर पडलेला पाऊस मात्र समुद्राची वाट चालत असतो. त्या वाटेच्या अखेरीस एका इवल्याशा जीवाचे पोषण त्या पाण्यावर अवलंबून असते. तो जीव म्हणजे हिलसा माशाचे पिल्लू.

हिलसा हा समुद्रात वाढणारा मासा. बंगालमध्ये त्याला इलिश, तर सिंधमध्ये पल्लो म्हणतात. पावसाळ्यात नदी दुथडी भरून वाहू लागली की तो खाऱ्या पाण्यातून गोड्या पाण्यात शिरतो आणि प्रवाहाविरुद्ध पोहत जाऊन अंडी घालतो. या प्रवासात तो फारसे काही खात नाही. एक मादी लाखो अंडी घालते. साधारण एका दिवसात त्यांतून पिले बाहेर पडतात. त्यांना भरवण्यासाठी आई थांबत नाही. ते काम नदीच करते.

पिल्लू वाढू लागले की त्याच्या कल्ल्यांत कंगव्याच्या दात्यांसारखे बारीक काटे तयार होतात. तोंडाने पाणी घ्यावे, कल्ल्यांतून ते बाहेर सोडावे आणि काट्यांत अडकलेले सूक्ष्म जीव गिळावेत, अशी त्याच्या जेवणाची रीत. लहानपणी त्याच्या आहारात सूक्ष्म प्राणी अधिक असतात. मोठेपणी सूक्ष्म वनस्पतींचा वाटा वाढतो. या वनस्पतींपैकी करंडक, म्हणजेच डायाटम, आपले काचेसारखे कवच सिलिकापासून घडवतात. हा सिलिका येतो कोठून? डोंगरातील खडक झिजतात, त्यांचा अंश पाण्यात विरघळतो आणि नदी तो खाली वाहून नेते. हिरणेच्या काठचा दगडही अशा रीतीने पिलाच्या घासात उतरू शकतो. काही महिने असे पोसल्यावर पिल्लू समुद्राकडे निघते.

आज ही वाट पूर्वीसारखी मोकळी नाही. इंदिरा सागर, ओंकारेश्वर आणि 2017 मध्ये राष्ट्राला अर्पण झालेले सरदार सरोवर ही धरणे नर्मदेचे पाणी अडवतात; गाळही त्यांत साचतो. धरणांनी शेतांना पाणी दिले, घरांना वीज दिली, हे खरेच. पण नदीमुखाशी गोडे पाणी कमी पोहोचले की भरतीचे खारे पाणी आत सरकते. भरूचच्या मच्छीमारांच्या जाळ्यात हिलसा पूर्वीइतका येत नाही, यामागे हेही एक मोठे कारण आहे.

समुद्राला मिळणारे पाणी वाया गेले, असे सहज म्हटले जाते. नदीमुखात तोंड उघडून पोहणाऱ्या पिलाच्या दृष्टीने मात्र ते पाणी म्हणजे वाढलेले ताट असते.