नावाची वाटणी

महसूल खात्यात असताना वाटण्यांच्या कितीतरी फेरफार नोंदी मी मंजूर केल्या. शेत, विहीर, गोठा, सारे विभागले जाई. नावाची वाटणी प्रथम आढळली ती मुलाच्या कॅसेटवर.

इंग्लंडमधील 'येस' हा रॉक वाद्यवृंद. गायक जॉन अँडरसन १९८८ साली बाहेर पडले, ब्रुफोर्ड, वेकमन आणि हाऊ या जुन्या सोबत्यांना घेऊन त्यांनी नवा संच उभारला. १९७२ची 'क्लोज टु द एज' घडविणाऱ्या पाचांपैकी चौघे इकडे. नाव मात्र पाचव्याकडे, बासवादक ख्रिस स्क्वायर यांच्या गटाकडे. मग चौघांनी आपली आडनावेच ओळीने लावली. वकिलांच्या पेढीची पाटी वाटावी! जाहिरातीत 'येस'चा उल्लेख झाला, तेव्हा प्रकरण न्यायालयात गेले. १९९१ साली मात्र आठहीजण एका रंगमंचावर उभे राहिले.

वडिलांच्या नावाचे आमचे बडोद्यातील भजनी मंडळ फुटले तेव्हा पेटी माझ्याकडे आली, नाव थोरल्या बंधूंकडे राहिले. माझ्या मंडळाला मी नाव दिलेच नाही. यंदा आषाढीपूर्वी दादांचा निरोप आला, "पेटी घेऊन ये." पाटीविषयी अवाक्षर नाही.

पेटीचा भाता फाटला आहे. तो दुरुस्तीला दिला आहे.